पाचवं शील आणि पोटातली शीर

नागपुरातल्या आमच्या इंदोरा बस्तीत तीन गोपाळराव होते. एक पोस्टातला, एक किराणा दुकानवाला आणि तिसरा नाकवाला. तो तिसरा म्हणजे मी. माझं नाक दिसायला काही विशेष नाही, पण कामठी रोडच्या जकात नाक्यावर कारकून म्हणून लागलो तेव्हापासून त्याची कीर्ती पार मौद्यापर्यंत पोचली होती. ट्रक थांबला की माल पाहायचा, पावती फाडायची आणि पुढच्या ट्रकला हात करायचा, एवढंच माझं काम. दारू पकडणं हे पोलिसांचं काम. पण कोणी सायकलच्या हँडलला दुधाचा डबा अडकवून आला की मी खुर्चीतून उठायचो, झाकण काढायचो आणि हुंगायचो. बहुतेक वेळा दूधच असायचं. कधी ताक असायचं. मोहाची सापडली ती एकदाच, पण ती हकिकत मी इतक्यांना ऐकवली की नागपुरात येणारी निम्मी दारू मीच थोपवून धरली आहे असं मला स्वतःलाही वाटायला लागलं होतं.

याचं मूळ छप्पन साली आहे. त्या वर्षी दीक्षा घेतली तेव्हा मला मिसरूड फुटत होती. पांढरे कपडे घालून त्या अफाट गर्दीत आईबापांबरोबर मी उभा होतो. त्या दिवशी आमचा कणा ताठ झाला, आणि ही गोष्ट मी थट्टेत सांगणार नाही. थट्टा आहे ती पुढची, आणि ती माझ्या एकट्याची आहे. पाच शीलं सगळ्यांनी सारखीच घेतली होती. मी मात्र त्यातलं पाचवं, नशापाण्यापासून लांब राहण्याचं, जणू माझ्या एकट्याच्या नावावर करून घेतलं.

दर रविवारी सकाळी विहारात वंदना व्हायची आणि ती मीच सांगायचो. मी पुढे म्हणायचो, बाकीचे मागून. पहिली चार शीलं मी साध्या आवाजात उरकायचो. पाचवं आलं की छाती भरून श्वास घ्यायचो, मान दाराकडे वळवायचो आणि असा आवाज काढायचो की समोरच्या झाडावरचे कावळे उडावेत. दाराकडे वळण्याचं कारण गोविंदा. गोविंदा माझ्या गल्लीतला, माझ्याच वयाचा, लहानपणी माझ्याबरोबर चिंचा पाडणारा. तो सायकलरिक्षा चालवायचा आणि प्यायचा. रविवारी त्याची बायको आत बसायची आणि तो फाटकाबाहेर रिक्षातच बसून राहायचा. माझं पाचवं शील त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून मी इतका जोर लावायचो. ते त्याच्यापर्यंतच काय, रेल्वे लाइनीपलीकडेही पोचत असावं.

एवढा आवाज फुकट येत नाही. चौकाचौकात भोंगा लावून दारूबंदीवर भाषणं करायची तर अंगात ताकद पाहिजे. म्हणून पासष्टच्या सुमाराला मी मुकुंद कंपाउंडरकडे जाऊन ताकदीची सुई घ्यायला लागलो. तेव्हा गोळीवर कोणाचा विश्वास नव्हता. सुई टोचली, दंड दुखला, म्हणजे औषध लागू पडलं असा सगळ्यांचा हिशोब. मुकुंदकडे काचेची सिरिंज एकच. स्टोव्हवरच्या डब्यात ती सकाळी एकदा उकळायची आणि मग दिवसभर एका दंडातून दुसऱ्या दंडात फिरायची. माझ्या आधी कोणाला टोचली ते मी कधी विचारलं नाही. भाषणाच्या आदल्या दिवशी मी जाऊन बाही वर करायचो आणि दुसऱ्या दिवशी दारूने लिव्हर कसं सडतं ते माइकवर सांगायचो. लिव्हर कोणत्या बाजूला असतं हे मला नक्की माहीत नव्हतं. मी डावीकडे हात ठेवून सांगायचो.

ते उजवीकडे असतं हे मला त्र्याऐंशी साली कळलं.

त्या शनिवारी नाक्यावर एका ट्रकवाल्याशी माझी चांगलीच जुंपली होती. डोकं दुखायला लागलं म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि रविवारी पुन्हा घेऊन विहारात गेलो. पहिली चार शीलं झाली. पाचव्याला मी नेहमीप्रमाणे छाती भरली, दाराकडे वळलो, तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी रक्त बाहेर आलं. थोडंथोडकं नाही, भडभडून आलं. पांढऱ्या सदऱ्यावर, सतरंजीवर, सगळीकडे. सगळी बस्ती समोर बसलेली. एवढा मोठा श्रोतृवर्ग मला भाषणालाही कधी मिळाला नव्हता.

बाकीचे धावाधाव करत होते, तेवढ्यात गोविंदा आत आला. त्याने मला पोत्यासारखं उचललं, रिक्षात टाकलं आणि सरकारी दवाखान्यात नेऊन पोचवलं. माझी बायको कौसल्या माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर धावत आला. त्याने माझे पिवळे डोळे पाहिले, पोट दाबलं आणि विचारलं, "काय काका, किती वर्षांपासून पिता?"

मला बोलता येत नव्हतं. गोविंदा पुढे झाला. "सायेब, हे नाई पेत. मी पेतो. मले विचारा."

"दारूचा वास येतोय ना यांच्या अंगाला!"

"तो माहा वास आहे जी. म्या उचलून आनलं त्याइले."

डॉक्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नर्सला मोठ्याने सांगितलं, "दारूची केस आहे." मागून आलेल्या बस्तीतल्या लोकांनी ते ऐकलं. मी बेशुद्ध पडायच्या बेतात होतो. हे ऐकून पडलोच.

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या नाकात एक जाड नळी होती. तिच्या टोकाला फुगा असतो म्हणे. तो पोटात फुगवून फुटलेली शीर आतून दाबून धरली होती, आणि दंडात कोणाचं तरी रक्त चढत होतं. ज्या नाकाच्या जोरावर मी आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे हुंगले, त्याच नाकातून ती नळी घातली होती. तिच्यामुळे तोंडातून शब्द फुटत नव्हता. भेटायला येणारे खाटेशी उभे राहून हळहळायचे. "झालं ते झालं, गोपाळभाऊ. आता तं सोडून द्या." मी जोरजोरात मान हलवायचो. मला म्हणायचं होतं की मी कधी घेतलीच नाही. ते समजायचे की सोडायला तयार नाही. "इतकं होऊनबी!" म्हणत ते निघून जायचे.

नळी निघाली आणि मग सुहासिनी मॅडम आल्या. त्या तिथल्या मोठ्या डॉक्टर, धरमपेठेतल्या, चष्मेवाल्या, आवाज हळू पण शब्द स्वच्छ. त्यांनी माझ्या तोंडात एक दुर्बीण असलेली काळी नळी घालून आतलं सगळं पाहिलं होतं. मी काय काम करतो ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "नाका बंद पडला तर ट्रकवाले काय करतात?"

"गल्लीबोळातून घुसतात, मॅडम."

"तेच झालंय. यकृत हा तुमचा नाका. तो कडक होऊन बसलाय, रक्ताला तिथून नीट जाता येत नाही. म्हणून ते पोटाच्या वरच्या भागातल्या बारीक शिरांमधून वाट काढतंय. गल्लीत ट्रक घातला की भिंती पडणारच. त्या शिरा फुगल्यात, आणि त्यातली एक फुटली."

मग त्यांनी बजावलं. डोकेदुखीच्या त्या गोळ्या यापुढे डोळ्यांनीही पाहायच्या नाहीत, त्या पोटाला सोलून काढतात आणि रक्त पातळ करतात. जड उचलायचं नाही, शौचाला कुंथायचं नाही. हृदयाचा वेग कमी करणारी गोळी रोज घ्यायची, म्हणजे शिरांवरचा दाब उतरतो, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नाही. शौच डांबरासारखं काळं झालं तर आत रक्त झिरपतंय असं समजून तडक दवाखान्यात यायचं. "आणि ओरडायचं नाही," त्या म्हणाल्या. कौसल्या कोपऱ्यात उभी होती. एवढ्या दुःखातही तिला हसू आलेलं मी पाहिलं.

मी विचारलं, "पण मॅडम, मी दारू पीत नाही. मग लिव्हर कसं गेलं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, "माहीत आहे. तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. ऑस्ट्रेलिया अँटिजेन निघालंय."

माझ्या उभ्या जन्मात मी भंडाऱ्याच्या पलीकडे गेलो नव्हतो, आणि माझ्या रक्तात ऑस्ट्रेलिया! मॅडमनी सांगितलं की ही एक प्रकारची कावीळ आहे. रक्तातून पसरते आणि वर्षानुवर्षं आत दबा धरून बसते. मग विचारलं, "पूर्वी कधी न उकळलेल्या सुया घेतल्यात?" मला मुकुंदची ती एकुलती सिरिंज आठवली. दारूविरुद्ध ओरडायला ताकद यावी म्हणून ज्या सुया घेतल्या, त्यांनीच माझं लिव्हर खाल्लं होतं. गोविंदाचं लिव्हर इतकं पिऊनही शाबूत असावं आणि माझं ताकदीने जावं, यावर कोणाच्याही भाषणात उत्तर नव्हतं.

तरी मला आनंद झाला. पुरावा मिळाला होता! घरी येताच मी भेटेल त्याला सांगायला लागलो. पण बस्तीत ऑस्ट्रेलियाला कोण विचारतो? लोक मान डोलवायचे आणि गल्लीच्या टोकाला जाऊन म्हणायचे, "ऑस्ट्रेलियाची पेत होता म्हन्ते. आपली मोहाची नाई."

खरी पंचाईत पुढच्या तपासणीला झाली. मॅडम म्हणाल्या, "गोळ्यांनी दाब कमी होईल, पण अन्ननळी पोटात उतरते तिथली एक शीर मला धोक्याची वाटते. दुर्बिणीतून सुई घालून ती बंद करून टाकू. नाहीतर पुन्हा फुटेल, आणि दर वेळी वेळेवर पोचालच असं नाही."

"सुईत काय असते, मॅडम?" आता मी सुईबद्दल विचारायला शिकलो होतो.

"अल्कोहोल. अगदी शुद्ध. त्याने शीर आतून पोळते, सुकते आणि बंद होते. दिल्लीला मी हेच शिकून आलेय."

मी खुर्चीवरून उठलो. "जीव गेला तरी चालेल, मॅडम. हे माझ्याच्यानं होणार नाही." एवढं बोलून मी हात जोडले आणि बाहेर आलो. मॅडम मागून काहीतरी सांगत होत्या. मी ऐकलं नाही. माझ्या कानात टाळ्या वाजत होत्या.

खोटं कशाला सांगू, मला त्या नकारात मजा येत होती. कोणी म्हणो पिणारा, आता मी मरून दाखवणार होतो. पाचव्या शीलासाठी प्राण देणारा अख्ख्या नागपुरात मीच पहिला! मी घरापुढे खाट टाकून बसायचो, गोळीमुळे मंद झालेली नाडी बोटाने धरायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खोल आवाजात सांगायचो, "डॉक्टर म्हणतात, दारू टोचू. मी नाही म्हटलं." मला वाटलं होतं लोक डोळे पुसतील. पण पोस्टातला गोपाळराव म्हणाला, "एवढी पोटात गेली, मंग आता सुईनंच का घोडं मारलं?" आणि चहा न पिताच उठला.

गोविंदा रोज यायचा. खाटेच्या पायाशी उकिडवा बसायचा आणि विडी न पेटवता नुसती बोटात फिरवायचा.

मग एके सकाळी मी शौचाला गेलो आणि खाली पाहिलं. काळं. चिकट. अगदी डांबर. मी बादलीभर पाणी ओतलं, अजून एक बादली ओतली आणि बाहेर येऊन चहा मागितला. दुसऱ्या दिवशीही तेच. कौसल्याला म्हटलं, संडासात पाणी मीच टाकत जाईन, तू कशाला त्रास घेतेस. वीस वर्षांच्या संसारात मी संडासात कधी पाणी टाकलं नव्हतं. एवढ्यावरून ती काय ते समजली. तिने जाऊन पाहिलं आणि परत येऊन विड्या वळायला बसली. तिचा रोजचाच उद्योग तो. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता, हातात कात्री. पण त्या दिवशी कात्री चालत नव्हती.

"पह्यलं शील कोन्तं जी?" तिने मान वर न करता विचारलं.

मी सवयीने सांगितलं, "प्राणिहत्या करायची नाही."

"मंग तुमी प्रानी नाई का?"

मी म्हटलं, "कौसल्या, तसं नसते वं. हा प्रश्न तत्त्वाचा आहे."

तिने सूप बाजूला ठेवलं. "पाचवं येवढ्या मोठ्यानं म्हनता, तं पह्यलं कोन म्हनन? तुमी मेले तं लोक का म्हनतीन? शिलासाठी जीव देल्ला म्हनतीन? पेऊ पेऊ मेला, असंच म्हनतीन. मी कोनाकोनाचं तोंड धरू? तुमच्याकडून बोलनारा आख्ख्या बस्तीत एकटा गोविंदा, अन् त्याचं कोनी आयकत नाई. पेनाऱ्याचं कोन आयकते? तुमीच तं लोकाइले शिकवलं ते." तिचा आवाज फाटला. "मले तुमचं नाव नको जी. मले तुमी पायजे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती असं कधी बोलली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नाक गळायला लागलं, ते सदऱ्याच्या बाहीने पुसलं. खरं तर मलाही मरायचं नव्हतं. माझी फक्त अडचण अशी झाली होती की मी मरणार हे इतक्या लोकांना सांगून बसलो होतो.

दारात गोविंदाची रिक्षा उभीच होती. तो म्हणाला, "बसा जी, भाऊ. काहून वेळ करून राहिले?"

मॅडम रागावल्या नाहीत. घसा बधिर करणारं औषध मारताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पळून गेलात, मी सांगत होते ते ऐकलं नाही. हे काही पिणं नाही, गोपाळराव. दोन-चार थेंब शिरेत जातात आणि तिथेच संपतात." ती काळी नळी आत गेली तेव्हा मला ओकाऱ्या आल्या, डोळ्यांतून पाणी वाहिलं. मग आत कुठेतरी छातीच्या खाली मिरची लागल्यासारखं झालं. झालं एवढंच. मी डोळे मिटून वाट पाहत पडलो. आता डोकं गरगरेल, आता जीभ जड होईल, आता मी काहीतरी बरळेन. काही झालं नाही. भूक मात्र लागली.

बाहेर आणल्यावर गोविंदा कानाशी वाकला. "चढली का जी?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग फुकट गेली," तो म्हणाला, आणि त्याने तोंड पलीकडे वळवून डोळे पुसले.

ती सुई पुढे आणखी काही वेळा घ्यावी लागली. ती शीर बंद झाली. पोटात अजून खोल एक मोठी शीर आहे, ती सुईच्या टप्प्यात नाही. मॅडम म्हणतात, "तिला गोळ्यांवर आणि तुमच्या स्वभावावर सोडू या." म्हणजे अर्धा भरवसा तर गेलाच. गोळी मी चुकवत नाही, जेवणात मीठ नाही, इसबगोल घेतो, डोकं दुखलं तर कौसल्या कपाळाला ओलं फडकं बांधते. नाक्यावर मला बदलून आतल्या टेबलावर बसवलं आहे, तिथे हुंगायला फक्त कार्बनपेपर असतो. शीर कधीही फुटू शकते, हे मला माहीत आहे. मला भीती वाटते, आणि आता मी ते कोणालाही सांगतो.

बरा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी विहारात जाऊन मागे बसलो. लोकांनी मलाच पुढे बोलावलं. त्यांचा विश्वास परत आला होता म्हणून नव्हे. पाली उच्चार दुसऱ्या कोणाला नीट येत नव्हते म्हणून. मी उभा राहिलो. पहिलं शील म्हणताना बायकांच्या रांगेत बसलेल्या कौसल्याकडे नजर गेली आणि मी मध्येच अडलो. लोकांना वाटलं, विसरला. मग पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा. पाचवं आलं. श्वास भरायची सोय नव्हती. दाराकडे वळायचा धीर नव्हता. बाकीची चार म्हटली तसंच तेही म्हटलं, बसल्या माणसाशी बोलावं तितक्या आवाजात.

मागून म्हणणाऱ्यांत एक घोगरा आवाज नवीन होता. वंदना संपल्यावर पाहिलं तर शेवटच्या रांगेत, चपला काढून, मांडी घालून गोविंदा बसला होता.

मी जवळ गेलो. "आज अंदर कसा आला गा?"

"बाहेर आयकू नाई आलं," तो म्हणाला. "म्हून आलो." मग म्हणाला, "येवढ्या हळू म्हनत असते ना जी तुमी, तं मी कधीचाच अंदर येऊन बसलो असतो."

मी त्याच्या शेजारी सतरंजीवर बसलो, अगदी खेटून. त्या दिवशी तो पिऊन आला होता की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी हुंगलं नाही.